खर्चाबाबत हुकूम नाही

यवतमाळच्या कामगार न्यायालयाच्या आवारात त्यांना "कसे आहात?" असं कोणी विचारत नसे. बाहेरगावचा एखादा वकील चुकून विचारून बसायचा. मग ते काखेतली फाईल बाकावर ठेवायचे, चष्मा काढून खिशात घालायचे आणि खरोखरच कसे आहेत ते सांगायला लागायचे. उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना दुखत नाही. वांग्याची भाजी बाधते, तरी काल खाल्ली. डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या म्हणतात, पण डॉक्टरचाच हात थरथरताना पाहिल्यापासून मन होत नाही. ऐकणाऱ्याची केस पुकारली जायची, तो पळायचा, आणि हे त्याच्या मागे चार पावलं जाऊन वाक्य पुरं करायचे.

"विचारलं तं सांगा लागते," ते म्हणायचे. "आयकाचं नसन तं विचारू नये माणसानं."

आम्ही दोघंही वकील; ते मालकांच्या बाजूने उभे राहत, मी कामगारांच्या. जिल्ह्यात कोणी कोणाला कामावरून काढलं, की काढणारा त्यांच्याकडे जायचा आणि काढलेला, दोन-चार ठिकाणी फिरून, माझ्याकडे यायचा. वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. मला 'बाई' म्हणत, मी त्यांना 'सर'. इतकी वर्षं समोरासमोर उभं राहिल्यावर माणूस जितका कळतो, तितका शेजारी राहूनही कळत नाही.

मे महिन्यात यवतमाळात दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. तेव्हाही त्यांचा काळा कोट अंगात असायचा. डोक्याला ओला दुपट्टा, त्यावर हेल्मेट, आणि खाली एक जुनी मोपेड. वळताना ते हात बाहेर काढून वळत. मोपेडचा इंडिकेटर चांगला चालू होता. त्याचं काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "इंडिकेटर बंद कराचा राहून जाते लोकायचा. हात कोणी दिवसभर बाहेर ठेवते का?" ऊन लागू नये म्हणून कोटाच्या खिशात कांदा. उलटतपासणीच्या भरात कागद काढायला खिशात हात घातला की कधी कधी कांदाच हाती यायचा. तो ते शांतपणे टेबलावर ठेवत आणि पुढचा प्रश्न विचारत. साक्षीदार मात्र त्या कांद्याकडे पाहत राहायचा. कांदा पुरावा म्हणून दाखल होतो की काय, अशी धास्ती मी एका मॅनेजरच्या चेहऱ्यावर स्वतः पाहिली आहे.

दारव्ह्याला एका लग्नात मुलीच्या बापाने हात जोडून त्यांना विचारलं, "साहेब, काही कमी तं नाही पडलं ना?" यांनी विचार केला आणि सांगितलं, "भाजीत मीठ कमी होतं. मठ्ठ्यात जास्त होतं. म्हणजे एकूण मीठ बरोबर आणलं होतं तुम्ही, वाटणी चुकली." बाप हसला म्हणून निभावलं. त्यांच्या पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्या मला म्हणाल्या होत्या, "लग्न झाल्यापासून ह्यांना साडी कशी दिसते म्हणून मी विचारलं नाही. एकदा विचारलं होतं, तेवढं पुरलं."

पक्षकारांनाही हाच न्याय. नवा मालक फी मोजून विचारायचा, "जिंकू ना, साहेब?" हे सरळ म्हणायचे, "नाही. तुम्ही त्याले नोटीस दिली नाही, चौकशी केली नाही. मी लांबवू शकतो, जिंकू शकत नाही. समझोता करा." काही उठून जायचे. जे राहायचे ते मात्र कायमचे राहायचे.

आणखी एक सवय होती, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ तिच्यातच आहे. आवारात एक मोठा कडुलिंब आहे. युक्तिवादाच्या आधी ते त्या झाडाभोवती फेऱ्या मारत आणि मोठ्याने बोलत. आधी समोरच्याची बाजू. मग आपली. समोरच्याची बाजू मांडताना त्यांचा आवाज जास्त चढायचा. आम्ही जवळच्या टपरीवर चहा पीत असायचो. मी ऐकते आहे हे त्यांना दिसत होतं. त्यांनी आवाज कधी खाली केला नाही.

बोरी अरबच्या बाहेर एक जिनिंग होती, कापसातून सरकी काढायचा कारखाना. तिथल्या चौकीदाराची केस माझ्याकडे होती. गेटवरचा माणूस, पन्नाशीचा, बोलायला मऊ. एका दुपारी तिथे कापसाच्या गंजीला आग लागली. फार नुकसान झालं नाही, लोकांनी विझवली. पण आग लागली तेव्हा चौकीदार गेटवर नव्हता, दोन तास कुठेतरी गेला होता, असं म्हणून मालकाने त्याला दुसऱ्याच दिवशी काढलं. चौकीदार म्हणत होता, मी गेटवरच होतो, मीच आग विझवायला धावलो. आमचा अर्ज असा की नोकरीवरून काढणं बेकायदा आहे, त्याला परत घ्यावं.

एका सकाळी झाडाखालून आवाज आला. "समजा गेला होता हा माणूस. मान्य करू. पण इतक्या वर्षांत एक मेमो नाही, एक खाडा नाही. दोन घंटे गेटवर नव्हता म्हणून सारी नोकरी? ताकीद द्या, पगार कापा. फाशी कायले देता?"

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. ही माझी केस होती, आणि माझ्यापेक्षा चांगली मांडलेली. गुन्ह्याच्या मानाने शिक्षा जास्त, हा मुद्दा कोर्ट उचलून धरतं. पण त्यासाठी आधी गुन्हा कबूल करावा लागतो.

त्या संध्याकाळी मी चौकीदाराला बोलावलं. "मामा, गेला होतात का? गेला असाल तर सांगा. अर्ज दुरुस्त करू. खरं बोलून ही केस जिंकता येते."

तो खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "नाही गेलतो, ताई. देवाची शप्पथ."

उलटतपासणीच्या दिवशी सर उभे राहिले. आधी नेहमीसारखं विचारलं, "जेवून आले का?" मग विचारलं, "आग कशानं विझवली?"

"पाण्यानं, जी."

"पाणी कशानं मारलं?"

"पाइपानं."

"पाइप कोणी धरला होता?"

"म्याच धरलता."

सर थांबले. चष्मा काढला, पुसला. "घाई नाही. विचार करून सांगा. पाइपानं पाणी मारलं?"

"हो जी. पाइपानं."

आगीच्या दिवशी नळ उघडताक्षणी पाइप फुटला होता. पाण्याचा थेंब आला नव्हता. सरकीच्या शेडमधल्या बादल्या आणि घमेली घेऊन बायामाणसांनी आग विझवली होती. तिथे हजर असलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. मालकाचे साक्षीदार आधीच तसं सांगून गेले होते, आणि चौकीदार त्या तारखेला आला नव्हता. मी त्याला ते वाचून दाखवलं होतं. पण माणूस ठरवलेल्या उत्तराच्या बाहेर जायला घाबरतो तेव्हा वाचून दाखवलेलंही ऐकू येत नाही.

मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होते. मग तुम्ही होता कुठे? कोणताही वकील हा प्रश्न विचारल्याशिवाय बसला नसता. सर म्हणाले, "बस, साहेब," आणि बसले.

बाहेर पायऱ्यांवर चौकीदार माझ्यासमोर रडला. मुलीला पाहायला महागावहून पाहुणे आले होते. मध्यस्थाने त्यांना सांगितलं होतं की मुलीचा बाप जिनिंगमध्ये सुपरवायझर आहे. चौकीदाराच्या कपड्यात पाहुण्यांसमोर कसं बसायचं? तो घरी गेला, चांगला शर्ट घातला, पाहुण्यांशी बोलला, त्यांना बसस्थानकावर सोडून परत आला, तोवर आग विझली होती. मुलीचं लग्न त्याच घरात झालं. आता कोर्टात खरं सांगितलं तर ते महागावला कळेल, ही भीती. त्या भीतीपायी तो शपथेवर खोटं बोलला, मलाही खोटं सांगितलं, आणि जिंकता येणारी केस हरून बसला.

मी सरांना गाठलं. "सर, कुठे होता म्हणून विचारलं का नाही?"

"मले मालूम होतं."

"मग?"

"मंग काय? गेटवर नव्हता एवढंच मले दाखवाचं होतं, बाई. कुठं होता हे विचारलं असतं तं त्याले सांगा लागलं असतं. लिहून घेतलं असतं ते."

आता मालकाविषयी सांगायला हवं. वडील गेल्यावर जिनिंग सांभाळायला घेतलेला तरुण मुलगा. हुशार, नीटनेटका, वागायला नम्र. त्याने काढलेल्या आणखी चार-पाच जणांच्या केसेस माझ्याकडे होत्या. बहुतेक हंगामी कामगार, त्यात एक बाई, रुई निवडणारी. युक्तिवादाच्या दिवशी व्हरांड्यात तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, हा माणूस खोटा निघाला. आज मी खर्च मागणार आहे. याच्यावर एकदा खर्च बसला की बाकीच्यांना विचारा, कोण कोण उभं राहतं ते."

दिवाणी दाव्यात हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, ही सर्रास रीत. वकिलाची फी, येणंजाणं, सगळं. कामगार न्यायालयात मात्र कामगार हरला तरी निकालाच्या शेवटी बहुधा एकच ओळ असते: खर्चाबाबत हुकूम नाही. ज्याची नोकरी गेली, त्याच्याकडून आणखी काय घ्यायचं, हा त्यामागचा विचार. पण कायद्याने दार बंद केलेलं नाही. कोणी कोणाला किती खर्च द्यायचा हे न्यायाधीशाच्या हातात असतं. आणि शपथेवरचं खोटं हे खर्च बसवायला चांगलं कारण आहे. खरं सांगायचं तर मालकाचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. म्हणूनच मला भीती वाटत होती.

सरांनी युक्तिवाद केला, तो आजही मला पाठ आहे. कुठे आवाज चढवला नाही, चौकीदाराला खोटारडा म्हटलं नाही. "अर्जदार हजर होता हे अर्जदाराच्याच तोंडून सिद्ध होत नाही," एवढंच. मी उठले आणि झाडाखालचा मुद्दा मांडला: गेला असला तरी शिक्षा जास्त आहे. न्यायाधीश म्हणाले, "पण तुमचाच माणूस म्हणतो, मी गेलोच नव्हतो. जे तो कबूल करत नाही, त्याची शिक्षा मी कमी कशी करू?" मी खाली बसले.

मग त्यांनी सरांना विचारलं, "खर्चाचं काय?"

"मागणी आहे, साहेब. अर्ज खर्चासह फेटाळावा अशी माझ्या पक्षकाराची मागणी आहे. अर्जदार शपथेवर खोटं बोलला. खोट्या अर्जाले चाप बसला पाहिजे, आणि खर्च हा चाप कायद्याने दिलेला आहे."

मालक मागच्या बाकावर बसून मान हलवत होता.

न्यायाधीशांनी फाईल चाळली. "केस फार लांबली. तारखा कोणी घेतल्या?"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, दोन्ही बाजूंनी, साहेब. सरांनी बोटांवर तारखा मोजल्या. "अर्जदारानं थोड्या घेतल्या. एकदा मी आजारी होतो, ती माझी. बाकीच्या आमच्या पक्षकारानं. कापसाचा हंगाम होता म्हणून. हंगाम संपल्यावरही घेतल्या."

"अर्जदार दर तारखेला येत होता?"

"बोरी अरबहून एसटीने. एक सोडून सगळ्या तारखांना मी त्याला पाहिला."

मागच्या बाकाची मान हलायची थांबली होती.

"या कारखान्याविरुद्ध आणखी अर्ज प्रलंबित दिसतात," न्यायाधीश म्हणाले. "इथे खर्च बसवला तर त्यांच्यावर काय परिणाम होईल असं तुम्हाला वाटतं?"

सरांनी चष्मा काढला. मी त्यांना एखाद्या प्रश्नावर इतकं अडलेलं कधी पाहिलं नाही. शेवटी ते म्हणाले, "साहेब, याचं उत्तर माझ्यापाशी आहे. पण ते मला माझ्या पक्षकाराकडून कळलेलं आहे. त्यामुळे मी ते देऊ शकत नाही."

न्यायाधीशांनी पेन उचललं, एक ओळ लिहिली आणि फाईल मिटली.

निकाल पंधरवड्याने लागला. अर्ज फेटाळला. खर्चाबाबत हुकूम नाही.

मालकाने त्याच आठवड्यात सगळ्या फायली परत नेल्या. सरांच्या ऑफिसात जाऊन तो म्हणाला म्हणे, "साहेब, तुम्ही माझे वकील होते की त्याचे?" यांनी त्यालाही उत्तर दिलंच. "तुमचाच होतो. म्हणून तं जिंकलो." जिनिंगचं काम गेलं, त्यामागोमाग मालकाच्या ओळखीचे आणखी दोन-तीन पक्षकार गेले. सरांच्या काखेतली फाईल पातळ झाली. यायचे मात्र रोज. मी विचारायला गेले नाही की वाईट वाटतं का. विचारलं असतं तर कळलं असतं, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

निकालानंतर काही दिवसांनी चौकीदार आवारात आला. माझ्याकडे न येता तो थेट कडुलिंबाखाली गेला आणि सरांच्या पायांकडे वाकला. सर मागे सरले.

"माह्या पाया कायले पडतं? मीच हरवलं ना तुले."

"खर्च नाही बसला, साहेब."

"तो साहेबानं नाही बसवला. म्या तं मागतला होता. उभं राहून मागतला. आयकलं नाही का तू?"

चौकीदार तसाच हात जोडून उभा. सरांनी त्याला बाकावर बसवलं. "खरं बोलला असता तं मी हरलो असतो. ह्या बाईनं सांगतलं होतं तुले. काहून नाही बोलला?"

मग चौकीदाराने जे सांगितलं ते ऐकून मीही त्या बाकावर बसले. निकाल लागल्यावर त्याला झोप लागेना. तो उठून महागावला गेला आणि व्याह्याला सगळं सांगून टाकलं: मी सुपरवायझर नव्हतो, चौकीदार होतो, आणि आता तोही नाही. व्याही म्हणाला, "आमाले मालूम होतं, जी. पाहाले आलो त्याच दिवशी. तुमच्या शेजाऱ्यानं रस्त्यातच सांगतलं. पोरगी पसंत होती, बाप कायले पाहाचा?"

सर त्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. मग विचारलं, "आता काय करून राह्यला?"

"दारव्ह्याले एका गोदामावर लागलो. गेटवरच."

"जेवला का?"

"नाही जी."

ते त्याला घेऊन मोपेडवरून घरी गेले. हेल्मेट एकच होतं, ते त्यांनी चौकीदाराच्या डोक्यावर घातलं.

जिनिंगचे बाकीचे कामगारही मग त्यांच्याकडे गेले. त्यांना वाटलं, मालकाने सोडलेला वकील आपला झाला. तुम्हीच आमची केस लढा, म्हणाले. माझ्यासमोरच म्हणाले, त्यामुळे मला जरा लागलं. सरांनी हात झटकले. "नाही जमत. त्या शेटजीच्या घरातलं सगळं मी आयकलेलं हाय. ते डोक्यातून काढून कुठं ठेवू? बाईकडेच राहा. बाई चांगल्या हायेत, फक्त घाई करतात." आणि त्या केसेस पुकारल्या जाण्याच्या वेळी ते कोर्टात थांबत नसत. बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहत, आतलं ऐकू येणार नाही इतक्या लांब.

खर्चाची भीती बसली नाही, म्हणून त्यांच्यातला एकही जण मागे हटला नाही. मालकाने नागपूरहून वकील आणला. दोघांचं समझोत्यात मिटलं. एक हरला. रुई निवडणाऱ्या बाईच्या बाजूने निकाल लागला, परत कामावर घ्यायचा.

त्या दिवशी ती निकाल ऐकून बाहेर आली, खाली जाऊन पेढ्याचा पुडा घेऊन आली आणि दिसेल त्याच्या हातावर पेढा ठेवत सुटली. शिपाई, टायपिस्ट, टपरीवाला, दुसऱ्याच कोणाचे पक्षकार. सर व्हरांड्याच्या टोकाला उभे होते. ती त्यांच्यापाशी गेली. त्यांनी हात मागे घेतला.

"मी तुमच्या मालकाचा वकील होतो, बाई. आधी."

तिने पदर सावरून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मंग माह्या इरोधात बोलले का तुमी?"

"नाही. तयारी केलती. बोलाच्या आधी फाईल गेली."

"चांगली केलती का तयारी?"

"चांगली केलती," सर म्हणाले. "तुम्ही हरल्या असत्या."

मला वाटलं, आता हिचा चेहरा पडणार. ती मोठ्याने हसली, इतक्या मोठ्याने की शिपायाने आतून डोकं बाहेर काढलं.

"मंग दोन घ्या," ती म्हणाली.

त्यांनी दोन घेतले.